फाइल कॉम्प्युटरवर चालते, डीव्हीडी प्लेयरवर का नाही?

लग्नाचे चित्रीकरण पेन ड्राइव्हवर येते, सप्ताहातले कीर्तन कोणीतरी मोबाइलवर पाठवते, एखादा जुना चित्रपट इंटरनेटवरून रीतसर उतरवून घेता येतो. कॉम्प्युटरवर हे सगळे सुरळीत चालते. घरातल्या ज्येष्ठांना मात्र ते टीव्हीवर, हाताला सवय असलेल्या रिमोटने, नेहमीच्या डीव्हीडी प्लेयरवर पाहायचे असते. मग फाइल कोऱ्या डीव्हीडीवर कॉपी होते, डीव्हीडी प्लेयरमध्ये जाते आणि पडद्यावर 'नो डिस्क' नाहीतर 'अनसपोर्टेड फॉरमॅट' अशी अक्षरे उमटतात. पुष्कळ घरांत इथेच प्लेयर बिघडला असे ठरते आणि त्याची रवानगी माळ्यावर होते. बहुतेक वेळा प्लेयर धडधाकट असतो. समोर आलेली फाइल वाचायला तो शिकलेलाच नसतो.

डीव्हीडीचे मानक १९९५ मध्ये ठरले आणि नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानमध्ये पहिले प्लेयर विक्रीला आले. चित्र कोणत्या पद्धतीने साठवायचे, आवाज कसा, फोल्डरचे नाव काय, एक फाइल किती मोठी, हे सगळे त्या मानकाने पक्के केले. चित्र एमपेग-२ पद्धतीचे. भारतासारख्या पाल या टीव्ही-पद्धतीच्या देशांत ते ७२० बाय ५७६ बिंदूंचे आणि सेकंदाला २५ चौकटींचे. आवाज ४८ किलोहर्ट्झचा, बहुधा डॉल्बी डिजिटल. 'व्हिडिओ-टीएस' नावाच्या फोल्डरमध्ये चित्र-आवाजाच्या व्हीओबी फाइली आणि त्यांची सूची सांभाळणाऱ्या आयएफओ फाइली. व्हीओबी फाइल १ जीबीपेक्षा मोठी करायची नाही, म्हणून चित्रपट तिथे चार-पाच तुकड्यांत दिसतो. हे सोडून दुसरे काही वाचण्याची सक्ती प्लेयरवर कधीच नव्हती.

कॉम्प्युटरचे तसे नाही. नवी पद्धत आली की व्हीएलसीसारखा मोफत प्रोग्रॅम अद्ययावत होतो आणि ती फाइल चालू लागते. प्लेयर कारखान्यातून जसा निघाला तसाच राहतो. आज उतरवल्या जाणाऱ्या बहुतेक व्हिडिओंमध्ये चित्र एच.२६४ पद्धतीचे असते. ती पद्धत २००३ मध्ये आली. तिच्यापुढची एचईव्हीसी २०१३ मधली. २००५ किंवा २००८ साली घेतलेल्या साध्या डीव्हीडी प्लेयरच्या चिपमध्ये यातले काही नसते, आणि ते नंतर बसवताही येत नाही. म्हणून बदलायची ती फाइल.

बदलण्याआधी तिच्यात काय आहे ते कळायला हवे. फाइलच्या नावामागे एव्हीआय, एमपीफोर किंवा एमकेव्ही असे काही लागलेले असते आणि त्यावरूनच लोक अंदाज बांधतात. हे शेपूट म्हणजे फक्त डबा; आत कोणती भाजी आहे हे डब्याच्या आकारावरून समजत नाही. एव्हीआय नावाच्या दोन फाइलींपैकी एक प्लेयरवर चालते आणि दुसरी चालत नाही, याचे कारण हेच. शेपूट बदलून एमकेव्हीचे एव्हीआय असे नाव केले तरी आतला मजकूर तोच राहतो, त्यामुळे तो खटाटोप वाया जातो. त्यापेक्षा मीडियाइन्फो हा मोफत प्रोग्रॅम घ्यावा आणि फाइल त्यात टाकावी. चित्राची पद्धत, रुंदी-उंची, सेकंदाला किती चौकटी, आवाज कोणत्या पद्धतीचा, सगळे एका पानावर दिसते. पुढचे निर्णय या चार-पाच ओळींवर घ्यायचे.

मग प्लेयरकडे वळावे. त्याच्या दर्शनी भागावर किंवा खोक्यावर छोटी चिन्हे छापलेली असतात. फक्त 'डीव्हीडी व्हिडिओ' लिहिले असेल तर तो मानकापुरताच आहे. 'डिव्हएक्स' किंवा 'एमपेग-४' असे लिहिले असेल तर काम बरेच हलके होते. या डिव्हएक्सची हकीकत ऐकण्यासारखी आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस जेरोम रोता या फ्रेंच तरुणाने मायक्रोसॉफ्टच्या एमपेग-४ प्रोग्रॅममध्ये फेरफार करून तो एव्हीआय फाइलींसाठी मोकळा केला. अख्खा चित्रपट ७०० एमबीच्या एका सीडीवर बसू लागला आणि तेही व्हीसीडीपेक्षा चांगल्या चित्रासह. आपल्याकडे त्या काळी व्हीसीडीचे राज्य होते. एका व्हीसीडीवर ७४ ते ८० मिनिटेच मावत, त्यामुळे चित्रपट दोन-तीन सीडींच्या पाकिटात मिळे आणि मध्येच उठून सीडी बदलावी लागे. पुढे डिव्हएक्सची कंपनी झाली, एक्सव्हिड नावाचा मुक्त भाऊबंद निघाला, आणि २००३ मध्ये डेन्मार्कच्या किस कंपनीने डिव्हएक्स चालवणारा प्लेयर बाजारात आणला. त्यानंतर काही वर्षांतच स्वस्त प्लेयरमध्येही ही सोय सर्रास आली. यूएसबीचे भोक असलेला प्लेयर घरात असेल तर तो डिव्हएक्स वाचणारा असण्याची शक्यता चांगली आहे.

यूएसबीचा विषय निघालाच आहे तर आधी टीव्ही पाहावा. चपट्या पडद्याच्या टीव्हीला स्वतःचे यूएसबी असेल तर तो बहुधा एच.२६४ची एमपीफोर फाइल थेट चालवतो. मग प्लेयरची, डीव्हीडीची आणि रूपांतराची काहीच गरज उरत नाही. काम तिथेच होत असेल तर पुढचे काहीही करू नये.

प्लेयरच्या यूएसबीत पेन ड्राइव्ह लावायचा असेल तर तो फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असावा. एनटीएफएस आणि एक्सफॅट बहुतेक प्लेयरना कळत नाहीत, आणि मग पेन ड्राइव्ह नीट असूनही 'नो यूएसबी' दिसते. फॅट३२मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही, आणि विंडोजची फॉरमॅट करण्याची नेहमीची खिडकी ३२ जीबीपर्यंतच्या ड्राइव्हलाच हा पर्याय देत आली आहे. म्हणून ८ किंवा १६ जीबीचा जुना ड्राइव्ह या कामाला उत्तम. फाइलींची नावे आखूड आणि रोमन लिपीत ठेवावीत. देवनागरी नावे प्लेयरच्या यादीत चौकोन किंवा प्रश्नचिन्हे होऊन येतात आणि आजोबांना कोणते कीर्तन कुठे आहे ते सापडत नाही. आणखी एक बारकावा: बरेच प्लेयर फाइली नावाच्या क्रमाने लावत नाहीत, ज्या क्रमाने कॉपी झाल्या त्या क्रमाने दाखवतात. मालिकेचे भाग असतील तर ते एकेक करून, ओळीने कॉपी करावेत.

डिव्हएक्स वाचणाऱ्या प्लेयरसाठी अव्हिडेमक्स हा मोफत प्रोग्रॅम पुरतो. चित्रासाठी एक्सव्हिड, आवाजासाठी एमपीथ्री आणि डब्यासाठी एव्हीआय, एवढे तीन पर्याय निवडून फाइल साठवायची. चित्र ७२० बाय ५७६पेक्षा मोठे ठेवू नये. मोबाइलचे किंवा हाय डेफिनिशनचे चित्र आधी लहान करून घ्यावे, कारण चित्र मोठे असले की प्लेयर फक्त आवाज ऐकवतो किंवा काहीच करत नाही. चित्राला सेकंदाला हजार ते दोन हजार किलोबिट आणि आवाजाला १२८ किंवा १९२, तोही स्थिर दराचा, हे माप घरगुती कामाला चांगले. 'क्यू-पेल' आणि 'जीएमसी' हे दोन पर्याय बंद असल्याची खात्री करावी. फाइल आणखी लहान करण्यासाठी ते आहेत, पण प्लेयरच्या चिपला ते पेलत नाहीत आणि चित्र फुटून चौकोन चौकोन दिसते.

यूएसबीही नाही आणि डिव्हएक्सचे चिन्हही नाही, असा प्लेयर असेल तर एकच मार्ग उरतो: मानकाला धरून खरीखुरी डीव्हीडी तयार करणे. हा मार्ग थोडा लांबचा आहे, पण सर्वांत भरवशाचा. अशी डीव्हीडी या घरात चालते, शेजारच्या घरात चालते, आणि शाळेच्या कपाटातल्या प्लेयरवरही चालते. ज्यांना एकच चित्रीकरण दहा नातेवाइकांना द्यायचे आहे त्यांनी थेट हाच मार्ग धरावा.

त्यासाठी डीव्हीडीस्टायलर हा मोफत आणि मुक्त प्रोग्रॅम विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर मिळतो. पूर्वी विंडोजबरोबर डीव्हीडी मेकर येत असे; विंडोज ८पासून तो काढून टाकला गेला, त्यामुळे जुन्या आठवणीवर त्याला शोधत बसू नये. डीव्हीडीस्टायलर उघडताच जे विचारतो त्यातल्या तीन गोष्टी महत्त्वाच्या. डीव्हीडीची क्षमता: ४.७ जीबी. पद्धत: पाल. चित्राचे प्रमाण: जुन्या चौकोनी टीव्हीसारख्या चित्रीकरणाला ४:३, अलीकडच्या आडव्या चित्रीकरणाला १६:९. हे तिसरे उत्तर चुकले तर माणसे लांबुळकी किंवा बसकी दिसतात, आणि ते नंतर रिमोटने सुधारेलच असे नाही. उत्तरे दिल्यावर फाइली खालच्या पट्टीत ओढून टाकायच्या, हवा असेल तर मेनू करायचा. एमपेग-२मध्ये रूपांतर प्रोग्रॅम स्वतःच करतो. जुन्या कॉम्प्युटरवर त्याला तास-दोन तास लागू शकतात. तो अडकला असे समजून बंद करू नये.

मेनूचा मोह आवरावा. हलणारी पार्श्वभूमी, संगीत, फिरणारी बटणे यांनी ज्येष्ठांची सोय होत नाही. मोठ्या अक्षरांत 'मंगलाष्टके', 'सप्तपदी', 'स्वागत समारंभ' अशी तीन बटणे पुरेत. एकच चित्रपट असेल तर मेनूच नको. डीव्हीडी टाकली की चित्र सुरू व्हावे. जुन्या टीव्हीवर पडद्याच्या चारही कडा थोड्या कापल्या जातात, त्यामुळे बटणे कडेला नेऊ नयेत.

आता हिशेब. ४.७ जीबी म्हणजे ४.७ अब्ज बाइट. विंडोज हीच जागा ४.३८ जीबी अशी दाखवते आणि नवख्या माणसाला डीव्हीडी कमी भरल्यासारखी वाटते, पण तो मोजणीचा फरक आहे. एवढ्या जागेत दोन तासांचा मजकूर बसवला तर सेकंदाला सुमारे ५ मेगाबिट वाट्याला येतात आणि चित्र छान दिसते. तीन तास बसवले तर साडेतीनच्या आसपास येतात. संथ कीर्तनाला ते चालून जाते, नाचाच्या किंवा वरातीच्या दृश्यांत चित्र गढूळ होते. एकाच तासाचा मजकूर असला तरी ७-८ मेगाबिटच्या वर जाऊ नये. मानकात चित्राला ९.८पर्यंत मुभा आहे, पण घरी राइट केलेली डीव्हीडी त्या वेगाने वाचताना जुन्या प्लेयरची दमछाक होते आणि चित्र अडखळते. कोकणात किंवा गोव्यात रात्रभर चाललेल्या दशावताराचे सहा तासांचे चित्रीकरण एका डीव्हीडीत कोंबू नये. सरळ तीन डीव्हीडी कराव्यात. अगदीच एका डीव्हीडीत जास्त मजकूर हवा असेल तर चित्राची रुंदी निम्मी, म्हणजे ३५२ बाय ५७६ घ्यावी. मानकाला ती मान्य आहे, आणि कमी मेगाबिटमध्ये ती पूर्ण रुंदीपेक्षा स्वच्छ दिसते.

मोबाइलवर चित्रित केलेल्या फाइलींना वेगळी काळजी लागते. मोबाइल उजेडानुसार सेकंदाला कधी ३० चौकटी घेतो, कधी २४. कॉम्प्युटर हे सांभाळून घेतो. रूपांतरात मात्र आवाज हळूहळू मागेपुढे सरकतो आणि अर्ध्या तासानंतर बुवांचे ओठ आणि अभंग जुळत नाहीत. उपाय असा: फाइल आधी हँडब्रेक या मोफत प्रोग्रॅममधून काढावी, तिथे 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडावे, आणि निघालेली एमपीफोर फाइल मग डीव्हीडीस्टायलरला द्यावी. हँडब्रेक स्वतः डीव्हीडी बनवत नाही, एव्हीआयही देत नाही. त्याचे काम या मधल्या टप्प्यापुरते. मोबाइलचे चित्रीकरण ३० चौकटींचे असेल आणि प्लेयर-टीव्ही दोन्ही एनटीएससी, म्हणजे अमेरिकेतली टीव्ही-पद्धत, स्वीकारत असतील तर डीव्हीडी पालऐवजी एनटीएससी केल्यास हालचाल जास्त सलग दिसते. भारतात विकले गेलेले बहुतेक प्लेयर दोन्ही पद्धती वाचतात. उभ्या चित्रीकरणाच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येणारच. त्या घालवण्यासाठी चित्र कापले तर डोकी आणि पाय जातात.

मराठी घरांत सर्वांत जास्त डोकेदुखी देतात ती उपशीर्षके, म्हणजे सबटायटल. एव्हीआयच्या शेजारी त्याच नावाची एसआरटी फाइल ठेवली की डिव्हएक्स प्लेयर इंग्रजी ओळी दाखवतो. देवनागरी ओळी दाखवत नाही, कारण त्याच्या आत देवनागरीचा फॉन्टच नसतो. इथे खऱ्या डीव्हीडीचा मोठा फायदा आहे. डीव्हीडीच्या मानकात उपशीर्षके अक्षरे म्हणून साठवलीच जात नाहीत, चित्रे म्हणून साठवली जातात. त्यामुळे प्लेयरला मराठी येण्याची गरज नाही. तो चित्रावर चित्र ठेवतो. अडचण फक्त ती चित्रे तयार करताना येते. काही प्रोग्रॅम जोडाक्षरे तोडून लिहितात, वेलांटी भलत्या जागी टाकतात. म्हणून 'ज्ञानेश्वर', 'दृष्टी', 'विठ्ठल', 'किल्ल्यावर' असे शब्द असलेली ओळ आधी करून पाहावी. अक्षरे तुटत असतील तर हँडब्रेकमध्ये उपशीर्षके चित्रातच कायमची छापून घ्यावीत. तिथे देवनागरी नीट जुळते. अशा ओळी नंतर बंद करता येत नाहीत, पण ऐकायला कमी येणाऱ्या माणसासाठी डीव्हीडी करायची असेल तर त्या बंद करायच्याही नसतात.

राइट करण्याची पायरी छोटी आहे, पण बऱ्याच डीव्हीडी तिथेच वाया जातात. कोरी डीव्हीडी टाकल्यावर विंडोज विचारते: ही पेन ड्राइव्हसारखी वापरायची की सीडी-डीव्हीडी प्लेयरसाठी? पहिला पर्याय निवडला तर जुना प्लेयर ती डीव्हीडी ओळखतच नाही. डीव्हीडीस्टायलरमधून थेट राइट केली तर हा प्रश्न येत नाही. त्याहून चांगले म्हणजे आधी आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या डीव्हीडीची एका फाइलीतली प्रत, करून घ्यावी, ती व्हीएलसीमध्ये उघडून मेनू, आवाज आणि चित्राचे प्रमाण पाहावे, आणि सगळे ठीक असेल तरच इमेजबर्नसारख्या मोफत प्रोग्रॅमने डीव्हीडीवर उतरवावी. त्याच आयएसओवरून हव्या तेवढ्या प्रती निघतात. डीव्हीडी-आर हा प्रकार घ्यावा. फार जुन्या प्लेयरना तो डीव्हीडी+आरपेक्षा जास्त मानवतो. वेग सर्वांत जास्त न ठेवता ४ किंवा ८ पट ठेवावा. चाचणीसाठी पुसून पुन्हा वापरता येणारी डीव्हीडी-आरडब्ल्यू सोयीची आहे, मात्र तिच्यावरून प्रकाश कमी परत येतो, त्यामुळे थकलेल्या लेन्सचा प्लेयर ती नाकारू शकतो. त्याने नकार दिला म्हणून रूपांतर चुकले असे समजू नये. एकदा साध्या डीव्हीडी-आरवर करून पाहावे. वर कागदी लेबल चिकटवू नये, डीव्हीडी फिरताना तोल जातो. सीडीवर लिहायच्या मार्करने नाव लिहावे. नव्या लॅपटॉपमध्ये डीव्हीडीचा कप्पा नसतो. यूएसबीने जोडायचा बाहेरचा डीव्हीडी रायटर त्यावर चालतो.

अमेरिकेतल्या किंवा कॅनडातल्या नातेवाइकांना डीव्हीडी पाठवायची असेल तर ती एनटीएससी करावी. तिथले बरेच प्लेयर पाल वाचत नाहीत, आणि हजारो रुपये टपालखर्च करून पाठवलेली मुंजीची डीव्हीडी तिकडे काळा पडदा दाखवते. दुबई, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया इथे पाल चालते. विकतच्या चित्रपटांवर असतो तो विभागाचा क्रमांक, म्हणजे भारतासाठी ५ आणि अमेरिकेसाठी १, घरी केलेल्या डीव्हीडीला लागू करण्याची गरज नाही. ती सर्व विभागांसाठी खुली ठेवता येते.

काय उतरवावे याबद्दल स्पष्ट बोलायला हवे. ओटीटीच्या अॅपमध्ये 'डाउनलोड' केलेला चित्रपट कुलूपबंद असतो. तो त्या अॅपबाहेर चालत नाही, आणि कुलूप तोडण्याच्या फंदात पडू नये. भारतीय कायद्यानुसार चित्रपटाचा स्वामित्वहक्क तो प्रकाशित झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. दादासाहेब फाळक्यांचा १९१३चा 'राजा हरिश्चंद्र' किंवा प्रभातचा १९३६चा 'संत तुकाराम' यांची ती मुदत केव्हाच उलटून गेली आहे. कालपरवा आलेला मराठी चित्रपट चोरीच्या संकेतस्थळावरून उतरवून गावभर डीव्हीडी वाटणे हा मात्र गुन्हा आहे, आणि आधीच कमी पैशांत उभ्या राहणाऱ्या मराठी निर्मात्याला त्याचा थेट फटका बसतो.

डीव्हीडी तयार झाली की ती कॉम्प्युटरवर पाहून समाधान मानू नये. ज्या प्लेयरसाठी केली त्याच प्लेयरवर सुरुवात, मधला भाग आणि शेवट असे तिन्ही पाहावे. डीव्हीडी आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे खराब राइट झालेल्या डीव्हीडीचे दोष बहुधा शेवटच्या अर्ध्या तासात, कडेजवळ दिसतात. आवाज आणि ओठ शेवटीही जुळत आहेत ना, हेही तिथेच कळते.

आणि मूळ फाइल पुसू नका. एमपेग-२मध्ये उतरवताना चित्राचा काही तपशील कायमचा जातो, डीव्हीडीवरून तो परत मिळत नाही, आणि घरी राइट केलेल्या डीव्हीडीचा रंगथर काळाबरोबर फिका पडून वाचता येईनासा होतो. लग्न, मुंज, आजीच्या ओव्या असे पुन्हा चित्रित न होणारे जे काही असेल त्याची मूळ फाइल दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि डीव्हीडी फक्त पाहण्यासाठी वापरा.